ज्येष्ठांतील गुलाब

गुलाबाविषयीं लिहिणारे बहुधा हिवाळ्यांत लिहितात. ऑक्टोबरांत छाटणी झाली, पुढें सुमारें दीड महिन्यानें पहिला बहर आला आणि पौष-माघांत झाडें फुलांनीं वांकलीं, कीं लेखणीलाहि उत्साह येतो. ज्येष्ठांतील गुलाबाविषयीं मात्र कोणी फारसें लिहीत नाहीं. त्या वेळीं त्याच्याजवळ दाखविण्यासारखें कांहीं नसतें. पानें करपलेलीं, फांद्या खरबरीत, आणि चुकून एखादी कळी उमललीच तर ती बोराएवढी, फिकट, दुपारपर्यंत कडांनीं काळवंडणारी. परंतु मनुष्याचा गुलाबाशीं खरा संबंध कोणता, याची परीक्षा याच दिवसांत होते, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. ही परीक्षा बागकामाची तर आहेच, पण त्याहून अधिक ती नीतीची आहे. ज्या प्रसंगानें हें माझ्या ध्यानांत आलें, तो प्रथम सांगतों.

माजरी हें चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यांतील कोळशाचें गांव. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील काळ्या मातीखालीं येथें कोळशाचे थर आहेत. त्यांच्यासाठीं उघड्या खाणी खोदलेल्या आहेत, आणि नागपूर-बल्लारशा मार्गावरील माजरी जंक्शनावरून कोळशाच्या वाघिणी जात-येत असतात. खाणीवरून उचलून टाकलेल्या मातीच्या टेकड्या दुरून दिसतात. वैशाख-ज्येष्ठांत पारा ४५ अंशांच्या वर गेला तर तें येथें कोणाला नवल वाटत नाहीं. मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागलें म्हणजे जे नऊ दिवस येतात त्यांना आमच्या विदर्भांत नवतपा म्हणतात. त्या दिवसांत काळी माती अशी भेगाळते कीं भेगेंत सबंध हात जावा. वाऱ्याबरोबर कोळशाची बारीक भुकटी येते आणि पानांवर बसून राहते. अशा गांवीं माझ्या अंगणांत गुलाबाचीं सात झाडें होतीं.

एका वर्षीं नवतप्यांत पाण्याची ओढ लागली. दिवसाआड येणारें नळाचें पाणी चौथ्या दिवशीं येऊं लागलें. गल्लीच्या तोंडाशीं टॅंकर उभा राहूं लागला, आणि त्यापुढें घागरींची रांग. एके दिवशीं सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, मी झाडांच्या आळ्यांत बादलीनें पाणी सोडीत होतों. टॅंकर संपल्यामुळें रिकामी घागर घेऊन परतणारी एक बाई कुंपणाशीं थांबली. ती रागावलेली दिसली नाहीं. "भाऊ," ती म्हणाली, "आमच्या घरी प्यायले पानी नाही, अन् तुमी झाडाले पाजून राह्यले." एवढें बोलून ती चालूं लागली. तिला हांक मारून ती बादलीच तिच्या घागरींत रिती करावी, हें मला सुचेपर्यंत ती वळणापलीकडे गेली होती. मीं बादली खालीं ठेवली. ती घरांत न्यावी कीं उरलेल्या आळ्यांत ओतावी, हें मला बराच वेळ ठरवितां आलें नाहीं.

तिच्या बोलण्यांत शिव्याशाप नव्हते, उपदेशहि नव्हता. दोन तहाना तिनें एकमेकींशेजारीं ठेवल्या होत्या, इतकेंच. गुलाब हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. त्या भाषेंत गुल म्हणजे फूल व आब म्हणजे पाणी, आणि दोहोंच्या जोडीचा मूळ अर्थ गुलाबपाणी असा होतो. आपण तो शब्द उचलला आणि खुद्द फुलालाच लावला. पाण्यावांचून ज्याचें नांवहि पुरें होत नाहीं, असें हें फूल मीं कोळशाच्या गांवीं, काळ्या मातींत, ज्येष्ठांत जगवीत होतों. तें जगविण्याचा मला अधिकार होता काय?

या प्रश्नाचीं तीन उत्तरें मला चटकन सुचलीं. तीं तिन्ही सोपीं होतीं, आणि म्हणूनच तीं एकेक करून तपासून पाहणें मला अवश्य वाटलें.

पहिलें उत्तर असें कीं, पाणी माझ्या वांट्याचें होतें. तें मीं प्यावें, सांडावें कीं झाडाला घालावें हा माझा प्रश्न. कायद्याच्या दृष्टीनें हें निर्दोष आहे. परंतु वांटा हा शब्दच जरा विचार करण्यासारखा आहे. वांटा एकट्याचा कधींच नसतो. कांहींतरी समाईक असतें, तें अनेकांत विभागलें जातें, आणि त्यांतील एक भाग आपल्याकडे येतो, तेव्हांच आपण त्याला वांटा म्हणतों. सुबत्तेच्या दिवसांत ही गोष्ट विसरली तरी चालते. टंचाईच्या दिवसांत ती विसरणें हें जाणूनबुजून विसरणें होय. खाण जसजशी खोल जाते तसतसें भोंवतालचें भूगर्भांतील पाणी तिच्याकडे ओढलें जातें, आणि खाण कोरडी राहावी म्हणून तें सतत उपसावें लागतें. जमिनीखालीं ज्या पाण्याला कुंपण नाहीं, त्याला जमिनीवर आल्याबरोबर माझें म्हणणें मला जड वाटूं लागलें.

दुसरें उत्तर अधिक प्रतिष्ठित आहे. मनुष्य केवळ अन्नपाण्यावर जगत नाहीं, सौंदर्य हीहि त्याची भूकच आहे, असें तें म्हणतें. या वादाची आपल्या देशांतील सर्वांत संस्मरणीय चकमक १९२१ सालीं रवींद्रनाथ ठाकूर आणि महात्मा गांधी यांच्यामध्यें झाली. पहाटे उठणाऱ्या पक्ष्याला केवळ दाण्याचीच चिंता नसते, त्याच्या कंठांत प्रभातीचें गाणेंहि असतें, असा कवींचा आशय होता. त्या पक्ष्याच्या पोटांत आदल्या दिवसाचे दाणे असतात; अंगांत पंख हलविण्याचेंहि त्राण न उरलेले पक्षी मीं पाहिले आहेत, असें गांधीजींच्या उत्तराचें तात्पर्य. पुढें १९३६ सालीं गांधीजी याच वर्धेच्या खोऱ्यांत, आज ज्याला सेवाग्राम म्हणतात त्या खेड्यांत, येऊन राहिले. त्यामुळें हा वाद आम्हां वैदर्भीयांना परका वाटत नाहीं.

परंतु अन्न आणि फूल यांचें असें हाडवैर खरोखर आहे काय? डॉ. बेंजामिन पिअरी पाल या शास्त्रज्ञाचें उदाहरण पाहावें. गव्हावरील तांबेरा हा शेतकऱ्याचा जुना शत्रु. तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्यांना तोंड देणारा एन. पी. ८०९ हा गहू १९५४ सालीं प्रसृत झाला, तो त्यांच्या परिश्रमांतून. हेच गृहस्थ गुलाबाचे निस्सीम उपासक होते. त्यांनीं स्वतः गुलाबाचे अनेक नवे वाण निर्माण केले आणि भारतांतील गुलाबावर ग्रंथ लिहिला, तो १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या हातांनीं लोकांच्या पोळीची काळजी वाहिली त्याच हातांनीं गुलाबाची कलमेंहि बांधलीं. तेव्हां फुलावर प्रेम करणारा भुकेल्यांचा द्रोही असतोच, हें म्हणणें टिकत नाहीं.

तथापि या दुसऱ्या उत्तरानें माझें समाधान झालें नाहीं, कारण त्या बाईनें तो प्रश्न विचारलाच नव्हता. सौंदर्य हवें कीं नको, हें ती बोललीच नाहीं. तिच्याहि दारांत तुळस असेल, दसऱ्याला तिच्याहि चौकटीला झेंडूचें तोरण लागत असेल. फुलाचें महत्त्व तिला पटवून देण्याची गरज नव्हती. तिची शंका इतकीच होती कीं, हें फूल कोणाच्या तहानेवर फुलणार आहे? या शंकेला सौंदर्यशास्त्रानें उत्तर देणें म्हणजे ऋणकोनें धनकोला काव्य वाचून दाखविण्यासारखें आहे.

तिसरें उत्तर पहिल्या दोहोंच्या अगदीं उलट. माणूस तो माणूस, झाड तें झाड. पाणी नसेल तर गुलाब मरूं द्यावेत, त्यांत एवढा विचार कसला? हें उत्तर मला कांहीं वेळ फार भारदस्त वाटलें. त्यांत त्याग दिसतो. पण त्याग कोणाचा? मरणार झाडें होतीं, आणि त्यागाचें पुण्य मात्र मला मिळणार होतें. शिवाय दुसरीहि एक अडचण आहे. माजरीच्या भूमींतून जो कोळसा निघतो तो सुमारें २५ ते ३० कोटि वर्षांपूर्वींच्या अरण्यांचा. गोंडांच्या या प्रदेशावरून ज्यांना गोंडवन हें नांव मिळालें, त्या खडकांत तीं अरण्यें गाडलेलीं आहेत. त्या अरण्यांत फूल म्हणून नव्हतें. फुलणाऱ्या वनस्पति पृथ्वीवर पुष्कळ काळानें आल्या. म्हणजे सृष्टीचें फुलांवांचून कोट्यवधि वर्षें कांहीं अडलें नाहीं. आणि आजहि या रानांत जें फुलतें तें आपल्या बळावर फुलतें. पळस ऐन उन्हाच्या तोंडावर पेटतो, तो कोणाजवळ घागरभर पाणी मागत नाहीं. पण माझ्या अंगणांतला कलमी गुलाब तसा नाहीं. एकाचें मूळ व दुसऱ्याचा डोळा जोडून माणसानें तो घडविला, मोठ्या फुलाच्या हौसेनें त्याला नाजूक केला, आणि जेथें तो आपण होऊन कधींच उगवला नसता तेथें मीं तो आणून लावला. त्याचें परावलंबन हें माझें कृत्य आहे. ज्याला आपण परावलंबी केलें, त्याला अडचणीच्या दिवशीं "तूं तुझें पाहा" म्हणणें हा त्याग नसून तें हात झटकणें होय.

अशा रीतीनें मी दोन ऋणांच्या मधें सांपडलों. एक शेजाऱ्याचें, दुसरें झाडाचें. यांतून मला जी वाट दिसली ती शाकुंतलानें दाखविली. चौथ्या अंकांत मुलीला सासरीं पाठवितांना कण्व तपोवनांतल्या वृक्षांना तिची ओळख सांगतात. तुम्हांला पाणी पाजल्याखेरीज ती स्वतः पाण्याला तोंड लावीत नसे, दागिन्यांची आवड असूनहि स्नेहामुळें तुमचें एक पानहि ती खुडीत नसे, आणि तुम्हांला पहिलें फूल येई तो दिवस तिला सणाचा वाटे, असा त्या निरोपाचा भाव आहे. हा प्रसंग आपण केवळ कोमल म्हणून वाचतों. पण त्यांत एक काटेकोर नियम आहे, तो त्या बाईच्या बोलण्यानंतर मला प्रथम दिसला. शकुंतलेनें वृक्षांना दिली ती स्वतःची तहान. शेजारच्या पर्णकुटींतली तहान तिनें दिली नाहीं. आपल्या तहानेवर झाड जगविणें हें प्रेम आहे. दुसऱ्याच्या तहानेवर जगविणें ही चैन आहे. झाड तेंच, पाणीहि तेंच. फरक इतकाच कीं कोरड कोणाच्या घशाला पडते.

हा नियम मान्य केल्यावर मीं घरांतल्या पाण्याचा हिशेब मांडला, आणि मला लाज वाटली. सातहि झाडांना मिळून जेवढें पाणी लागत होतें त्याहून अधिक पाणी माझा कूलर पीत होता. खिडकीमागें बसून तो दिवसभर बादल्या रिचवीत होता, आणि त्याच्याबद्दल मला कोणी, मीं स्वतःसुद्धां, एक शब्द बोललेला नव्हता. गुलाब कुंपणाशीं होते म्हणून त्यांचा गुन्हा दिसला; कूलर घराच्या मागच्या बाजूला होता म्हणून त्याचा दिसला नाहीं. आपल्या चैनींपैकीं जी चारचौघांच्या दृष्टीस पडते तिच्यावरच आपण नीतीची कसोटी लावतों, आणि जी अंगवळणी पडलेली असते तिला गरज म्हणतों. त्या दिवसापासून दुपारचे चार तास कूलर बंद झाला. त्या बंद खोलींतल्या दुपारीं शकुंतलेच्या नियमाचा अर्थ मला पुस्तकांतल्यापेक्षां पुष्कळ स्पष्ट समजला. त्यांतून जें पाणी वांचलें त्याचा मोठा भाग भरल्या घागरीनें कुंपणापलीकडे गेला. झाडांच्या वांट्याला तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी आणि वर एखादी बादली, इतकेंच उरलें.

थोड्या पाण्यांत गुलाब राखणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचा प्रत्येक धडा मनाला उलटा वाटतो. प्रेमानें रोज थोडें थोडें शिंपडावें असें वाटतें. पण त्यानें मुळें वर येतात आणि उन्हांत होरपळतात. त्यापेक्षां दोन-तीन दिवसांनीं एकदां, सूर्योदयापूर्वीं, आळें खोलवर भिजेल असें पाणी द्यावें आणि मधल्या दिवसांत हात आवरावा. वाळकीं पानें किंवा भाताचें तूस आळ्यांत चार बोटें जाड पसरावें, मात्र तें खोडाला टेंकूं देऊं नये. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी करावी. झाड अशक्त दिसतें म्हणून खत घालावेंसें वाटतें. तें घालूं नये, कारण खतानें जी कोंवळी पालवी फुटते ती पहिल्याच लाटेंत जळते. करपलेल्या फांद्या पाहून कात्री हातांत घ्यावीशी वाटते. पण मेलेली काटकी सोडून दुसरें कांहीं कापूं नये, कारण तीं कुरूप पानेंच खोडावर सांवली धरीत असतात. पानांच्या पाठीवर बारीक लाल कोळी दिसले तर पहाटे थोड्या पाण्यानें ती बाजू धुवावी. कोळशाची भुकटीहि त्याबरोबर निघून जाते.

या सर्वांत कठीण गोष्ट कळ्यांची. ज्येष्ठांतहि गुलाब कळी धरतो. मरणाच्या दारांत असलेल्या झाडाची ती कळी पाहून मन विरघळतें. पण ती कळी खुडावी लागते, कारण फुलण्यासाठीं लागणारें बळ त्या वेळीं झाडाला जगण्यासाठीं हवें असतें. शकुंतला स्नेहामुळें पान खुडीत नसे; येथें त्याच स्नेहामुळें कळी खुडावी लागते. पहिलें फूल हा जिचा सण, तिच्या मार्गानें जातांजातां माझ्यावर सणच पुढें ढकलण्याची पाळी आली. त्या कळ्या खुडतांना मला जाणवलें कीं, गुलाबाकडून फुलाची अपेक्षा न करतां मीं त्याची सेवा केली असेल तर ती या दोन महिन्यांतच. एरवीं आमचा व्यवहार होता. मी पाणी देत होतों, तो फुलें देत होता. ज्याच्याकडून सध्यां कांहींहि मिळणार नाहीं, आणि पुढें मिळेल याचीहि खात्री नाहीं, त्याला राखणें हें वेगळें. माझ्या मतें राखणें या शब्दाचा खरा अर्थ येथें सुरू होतो. आपण ज्याला राखण म्हणतों ती शेतांतलीहि अशीच असते. राखणदार पीक खात नाहीं, तो जागा राहतो.

येथें कोणी विचारील कीं, एवढें सगळें करून सातहि झाडें वांचलीं काय? नाहीं. दोन मेलीं. मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हां पांचांना लालसर कोंब फुटले, आणि दोन वाळक्या काटक्यांसारखीं उभीं राहिलीं. नखानें साल खरवडून पाहिली. आंत हिरवें कांहीं नव्हतें. त्यांचा दोष मी उन्हाला देऊं शकलों असतों, पण तो उन्हाचा नव्हता. दोष ज्येष्ठांतहि झालेला नव्हता. तो त्यापूर्वींच्या एका पावसाळ्यांत झाला होता; सगळीकडे पाणीच पाणी होतें, आणि तशा वेळीं मीं हौसेनें सात खड्डे खणले होते.

मला वाटतें, या सबंध प्रश्नाचें मर्म तेथें आहे. टंचाईच्या दिवशीं माणसाला पाणी द्यावें कीं झाडाला, असा पेंच पडला म्हणजे कांहीं केलें तरी कोणावर तरी अन्याय होतो. नीतीचा निर्णय त्या दिवशीं घ्यावयाचा नसतोच. तो सुबत्तेच्या दिवशीं, खड्डा खणतांना घ्यावयाचा असतो. आषाढांत किती झाडें लावतां येतील याला मर्यादा नाहीं. वैशाख-ज्येष्ठांत आपल्या स्वतःच्या तहानेंतून किती जगवितां येतील याला मात्र आहे, आणि तोच आंकडा खरा. हें गुलाबापुरतेंच आहे असें नाहीं. गाय दारीं बांधतांना, पोरकें मूल घरीं आणतांना, एखादी संस्था काढतांना, एखाद्याला शब्द देतांना आपण बहुधा बहराचा हिशेब करतों. तो उन्हाळ्याचा करावा. जें आपण आपल्या आधारावर उभें करतों, त्याचा वाईट दिवस आपल्याच खर्चानें निभावण्याची तयारी नसेल, तर तें उभें करण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. आणि तयारी असेल, तर कोणाच्याहि रिकाम्या घागरीसमोर आपल्याला मान खालीं घालावी लागणार नाहीं.

त्या वर्षीं आषाढांत रोपवाटिकेंत कलमें आलीं तेव्हां मी गेलों नाहीं. दोन आळीं तशींच मोकळीं ठेवलीं. एके दिवशीं तीच बाई कुंपणाजवळून जात असतां थांबली आणि त्या मोकळ्या आळ्यांकडे पाहून म्हणाली, "मेलीत का जी दोन झाडं?" मीं होय म्हटलें. "वाईट झालं," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून पुढें गेली. तिला गुलाब नको होते असें मला एकदां वाटलें होतें. आळीं अजून मोकळीं आहेत. पांच झाडांना दर ऑक्टोबरांत छाटणी होते, आणि त्या वेळीं मी आधीं त्या दोन आळ्यांकडे पाहतों.